लाइट आहे, पण इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत नाही? नवीन बॅटरी आणण्याआधी हे बघून घ्या

दिवसभर लाइट होती. रात्री साडेआठला गेली आणि पंधरा मिनिटांत इन्व्हर्टरने शिट्टी मारायला सुरुवात केली. आणखी पाच मिनिटांनी घर अंधारात. वळवाच्या दिवसांत, नाहीतर दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर असं झालं की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "बॅटरी गेली, नवीन आणा." १५० एएचची नवी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १२ ते १८ हजार रुपयांचा खर्च. कांद्याला भाव नसलेल्या वर्षी एवढे पैसे उचलून देणं सोपं नाही. आणि बऱ्याच वेळा दोष बॅटरीत नसतोच. बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नसतं. ते कुठे अडलंय हे घरबसल्या बरंचसं कळू शकतं.

आधी हे बघा: इन्व्हर्टरला लाइट दिसते आहे का?

घरातला पंखा फिरतोय, बल्ब लागलाय, म्हणजे लाइट आहे असं आपण धरून चालतो. इथेच फसगत होते. इन्व्हर्टरच्या लाइनवरचा पंखा आणि बल्ब बॅटरीवरही चालतो. त्यामुळे इन्व्हर्टरला जोडलेला नाही असा एखादा बल्ब, फ्रिज किंवा मिक्सर लावून बघा. तो चालतोय, पण इन्व्हर्टरवर 'मेन्स' किंवा 'चार्जिंग'चा दिवा लागलेला नाही, म्हणजे लाइट घरात आली पण इन्व्हर्टरने घेतली नाही.

इन्व्हर्टर लाइट का घेत नाही, याचं आपल्या भागातलं मोठं कारण कमी व्होल्टेज आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात सहा टक्के इकडेतिकडे चालतं, असा नियम. प्रत्यक्षात डीपीपासून लांबच्या घरात, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की १६०-१७० व्होल्टवर येणं नवीन नाही. बहुतेक इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको' लिहिलेलं असतं. यूपीएसवर ठेवलं की साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची लाइट इन्व्हर्टर घेत नाही. लाइट गेली असं समजून तो घर बॅटरीवर टाकतो. म्हणजे व्होल्टेज १७० असेल तर लाइट असूनही बॅटरी चार्ज होत नाही, उलट खर्च होत राहते. रात्री लाइट गेल्यावर शिल्लक काय राहणार?

हे बटण नॉर्मलवर केलं की साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची लाइट इन्व्हर्टर घेतो (कंपनीप्रमाणे आकडा थोडा बदलतो, पुस्तिकेत असतो). कॉम्प्युटर जोडायचा असेल तरच यूपीएसची गरज. पंखे, बल्ब, टीव्ही एवढंच असेल तर खेड्यात नॉर्मलच बरं. फक्त एक लक्षात ठेवा. नॉर्मलवर ठेवलं तर तेच कमी-जास्त व्होल्टेज तुमच्या टीव्हीलाही मिळणार. व्होल्टेज फारच खालीवर होत असेल तर टीव्हीला, फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर हवा.

दुसरी गोष्ट, इन्व्हर्टरच्या मागे काळं किंवा लाल गोल बटण असतं. तो इनपुटचा फ्यूज. जास्त भार आला की ते बटण बाहेर येतं. इन्व्हर्टर बंद करा, पिन काढा, बटण आत दाबा, परत चालू करा. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर दाबत बसू नका, आत काहीतरी शॉर्ट आहे. जुन्या मॉडेलला काचेचा फ्यूज असतो. तो उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवायची सवय मोडा, घर पेटायचं ते अशानेच.

तिसरी गोष्ट अगदी साधी, पण सुटून जाते. इन्व्हर्टरची पिन ज्या बोर्डात आहे त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. बोर्डच बंद असेल तर प्रश्न तिथेच संपला. चार्जिंग चालू असताना इन्व्हर्टर चांगला दीड-दोन अँपिअर ओढतो, वर घराचा भार. ढिल्या सॉकेटमध्ये पिन गरम होते, काळी पडते आणि संपर्क तुटत राहतो. पिनेला काळपट डाग दिसले तर सॉकेट बदला. बारीक वायरचा लांब एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल तर तो काढा.

एक धोक्याची खूण मात्र ओळखून ठेवा. बल्ब मध्येच भगभगीत आणि मध्येच मंद होत असतील, शेजारच्या घरात उलटं होत असेल, तर खांबावरचं न्यूट्रल ढिलं झालेलं असू शकतं. अशा वेळी २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज येऊन इन्व्हर्टरचं चार्जर कार्ड जळतं. मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरची पिन काढा आणि महावितरणला कळवा. काही ठिकाणी न्यूट्रल नसलं की अर्थिंगवर घर चालवतात. ते करू नका. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलेलं माणूस किंवा गोठ्यातलं जनावर त्यात जातं.

आता बॅटरीकडे या

इन्व्हर्टरवर 'चार्जिंग'चा दिवा आहे, तरी बॅटरी भरत नाही, तर पहिली नजर बॅटरीच्या दोन टोकांवर. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर करंट तिथेच अडतो. काढायची पद्धत अशी: आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग भिंतीतली पिन बाहेर. हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण एकच पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी पडते. आधी काळी वायर म्हणजे निगेटिव्ह काढा, मग लाल. बॅटरीची झाकणं घट्ट असल्याची खात्री करून टोकं गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये, ॲसिड मरतं. कोरडं पुसून आधी लाल, मग काळी वायर घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. लाल-काळी उलटी लागली तर इन्व्हर्टरचा फ्यूज किंवा आतला कार्ड गेलाच म्हणून समजा.

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर मधली जोडवायरही तपासा. आणि एक बॅटरी जुनी, एक नवी अशी जोडी लावू नका. जुनी नवीला घेऊन बुडते.

मग पाणी. झाकणावरच्या दांडीची खूण लाल रेघेपर्यंत बसली असेल तर पाणी कमी झालं. डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं. बोअरचं नाही, विहिरीचं नाही, आरओ प्लांटच्या जारचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, संपलेले नसतात. एसीतून गळणारं पाणी डिस्टिल्डच असतं असा एक समज आहे, पण त्यात धूळ आणि धातूचे कण उतरतात. ॲसिड तर कधीच टाकू नका, वॉरंटीही जाते. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर पाणी टाकलेलं बरं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी टाका, बाकीचं नंतर. हिरव्या खुणेच्या वर भरलं की ॲसिड उतू जातं आणि फरशी खातं.

पाणी कसं कमी होतं यावरूनही दुखणं कळतं. सहाही सेलचं पाणी महिनाभरात सारखं आटत असेल तर इन्व्हर्टर जास्त चार्ज करतोय. एकाच सेलचं आटत असेल तर तो सेल बिघडला. सील असलेल्या एसएमएफ बॅटरीत पाणी टाकायचं नसतं, तिची झाकणं उचकटू नका.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विचही असतो: ट्युब्युलर, फ्लॅट किंवा एसएमएफ. जुन्या फ्लॅट बॅटरीच्या जागी ट्युब्युलर आणली आणि स्विच तसाच राहिला, असं बऱ्याच घरांत असतं. मग बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दोन वर्षांत बसते. लिथियमची बॅटरी साध्या इन्व्हर्टरला नुसती जोडून चालत नाही, इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय असेल तरच जोडा.

दोन-तीनशे रुपयांचा मीटर बरंच सांगतो

मोटारीसाठी मल्टिमीटर आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे असतो. तो डीसी २० वर ठेवा, लाल सुई बॅटरीच्या लाल टोकाला, काळी काळ्याला. पुढचे आकडे एका १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीचे आहेत.

लाइटची पिन काढून, इन्व्हर्टर बंद करून बॅटरीला दोन-तीन तास विसावा द्या आणि मोजा. १२.६ ते १२.७ आलं तर भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. ११.८ किंवा खाली म्हणजे रिकामी.

आता पिन लावा, लाइट चालू करा, पाच-दहा मिनिटांनी परत मोजा. आकडा वर सरकून १३ च्या पुढे जात असेल तर चार्जिंग पोचतंय. पुढे काही तासांत तो १४.२-१४.४ पर्यंत चढतो आणि भरल्यावर १३.५-१३.७ वर येऊन थांबतो. ही निरोगी बॅटरीची चाल.

पिन लावूनही आकडा जागचा हलला नाही, किंवा खाली येतोय, तर चार्जिंग येतच नाही. व्होल्टेज, बटण, फ्यूज, सॉकेट, टोकं सगळं वर सांगितल्याप्रमाणे बघून झालं असेल तर दोष इन्व्हर्टरच्या चार्जर कार्डमध्ये आहे. दुरुस्ती त्याची करायची. अशा वेळी नवीन बॅटरी आणली तर तीही चार दिवसांत रिकामी होऊन बसेल. पैसे गेले ते गेले, अंधार तसाच.

उलट, लाइट येताच आकडा झटकन १४ च्या वर उडाला, अर्ध्या तासात इन्व्हर्टर 'फुल' दाखवतो आणि लाइट गेली की वीस मिनिटांत खेळ खलास, तर बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसलाय. मडकं गाळाने भरलं की घागरभर पाणी मावत नाही, तसं. बॅटरी बरेच दिवस रिकामी पडून राहिली की हे होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घरं चार-सहा महिने बंद असतात, तिथे हमखास. घर बंद करून जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरा, काळी वायर काढून ठेवा आणि मागे राहणाऱ्या भावाबंदाला महिना-दोन महिन्यांतून एकदा चार्ज करायला सांगा.

रात्रभर चार्जिंगला लावूनही विसाव्यानंतर आकडा साडेदहाच्या आसपासच येतो, बॅटरीची एक बाजू गरम लागते, तर एक सेल शॉर्ट झालाय. सहा सेल दोन-दोन व्होल्टचे, त्यातला एक गेला की दोन व्होल्ट कमी. खात्री करायची तर दुकानात हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासून घ्या. भरलेल्या ट्युब्युलरचा आकडा १.२४० च्या आसपास यायला हवा. पाच सेल १.२३० आणि एक १.१५० असेल तर बॅटरी संपली. मग मात्र नवीनच घ्यावी लागेल. दुकानदार नुसतं वरून बघून "गेली" म्हणत असेल, तर त्याला सहाही सेलचे आकडे दाखवायला सांगा. मागायला संकोच कशाचा?

आणखी एक प्रकार. बॅटरी १० व्होल्टच्याही खाली गेली तर काही इन्व्हर्टर बॅटरी जोडलीच नाही असं समजतात आणि चार्जिंग सुरू करत नाहीत. तेव्हा दुकानातल्या वेगळ्या चार्जरवर ती थोडी उठवून आणावी लागते. ट्रॅक्टरची बॅटरी शेजारी ठेवून जंपरने उठवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती करू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, जंपरच्या एका ठिणगीने बॅटरी फुटते आणि ॲसिड थेट तोंडावर येतं. ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला लावून रात्र काढणंही महागात पडतं. ती सेल्फ मारण्यापुरती बनवलेली असते, पूर्ण रिकामी केली की लवकर बसते.

वस्तीवरचा हिशेब वेगळा

गावठाणात चोवीस तास सिंगल फेज मिळत असेल तर चार्जिंगला वेळ कमी पडत नाही. शेतातल्या वस्तीवर, शेतीच्या फिडरवर राहणाऱ्यांचं तसं नाही. तिथे पाळीप्रमाणे आठ तास लाइट. अशा घरात सगळं नीट असूनही बॅटरी भरत नाही आणि माणूस कंपनीला शिव्या देतो.

हिशेब करून बघा. १५० एएचच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअरने चार्ज करायचं असतं. तसं केलं तरी पूर्ण रिकामी बॅटरी भरायला १० ते १२ तास लागतात. व्होल्टेज कमी असेल तर १० अँपिअरच जातो. आठ तासांत ८० एएच, त्यातला थोडा वाया, हाती लागले ७०. आता खर्च बघा. दोन साधे पंखे १५० वॅट, तीन एलईडी बल्ब २७, मोबाइल आणि वायफाय १५. झाले १९० वॅटच्या आसपास. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून ताशी २० अँपिअर निघतात. म्हणजे ७० एएच साडेतीन तासांत संपले. रात्र तर दहा तासांची.

यावर मोठी बॅटरी हा इलाज नाही. भरायला वेळच नाही तर मोठी बॅटरी आणखी अर्धपोटी राहील. खर्च कमी करणं हाच मार्ग. साध्या पंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा लावला तर ७५ वॅटच्या जागी ३० वॅट लागतात. दोन पंखे बदलले की वरचा भार १९० वरून १०० वर येतो आणि तेच ७० एएच साडेसहा तास पुरतात. नाहीतर छपरावर एक-दोन सोलर पॅनेल, योग्य चार्ज कंट्रोलरसह.

सोलर असलेल्यांनी एक बघावं. सोलर इन्व्हर्टरमध्ये 'सोलर आधी' अशी सोय असते. ऊन आहे असं धरून तो लाइटवरचं चार्जिंग मुद्दाम बंद ठेवतो, म्हणजे बिल वाचावं. उन्हाळ्यात हे उत्तम. आषाढात आठ-आठ दिवस ढग असतात तेव्हा बॅटरी अर्धीच राहते आणि लोकांना वाटतं चार्जर बिघडला. पावसाळ्यापुरती ती सेटिंग बदलून लाइटवर चार्ज व्हायला ठेवा. रिकामी बॅटरी एकदा भरायला अडीच-तीन युनिट लागतात, फार नाही.

जीवाशी खेळ नको

बऱ्याच घरांत बॅटरी देवघराखाली किंवा जिन्याखालच्या बंद कपाटात असते. वर निरांजन, खाली हायड्रोजन. बॅटरी मोकळ्या हवेत, लेकरांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. पाणी तपासताना काडी, लायटर, विडी नको, मोबाइलची बॅटरी लावा. ॲसिड डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं सतत साध्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट असतातच, म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करा. इन्व्हर्टरची लाइन मेनला उलटी जोडलेली असेल तर बाहेर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू शकतो. त्यामुळे जोडणी माहितगार वायरमनकडूनच.

घरात ऑक्सिजनचं मशीन लागणारं आजारी माणूस असेल तर इन्व्हर्टरवर विसंबू नका. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट ओढतं, चांगल्या भरलेल्या १५० एएच बॅटरीवर तीन तास निघाले तरी पुष्कळ. भरलेलं सिलिंडर घरात हवंच. विजा कडाडायला लागल्या की इन्व्हर्टरची पिन भिंतीतून काढून ठेवा. पहिल्या वळवात जळालेल्या चार्जर कार्डांनी दुरुस्तीवाल्यांची दुकानं भरतात.

तक्रार कुठे, वॉरंटी कशी

व्होल्टेज रोजच कमी असेल तर ती एका घराची अडचण नसते. डीपीवरच्या चार-पाच घरांनी मिळून, ग्राहक क्रमांक आणि वेळ लिहून तक्रार द्यावी. महावितरणचे टोल फ्री क्रमांक १९१२ आणि १८००-२१२-३४३५. तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा, नुसतं लाइनमनला तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.

बॅटरी वॉरंटीत असेल तर पावती, कार्डावरचा दुकानाचा शिक्का आणि बॅटरीवरचा नंबर लागतो. आणली त्याच दिवशी तिन्हींचा फोटो काढून ठेवा. कार्ड पावसात भिजतं, उंदीर खातो, फोटो राहतो. वॉरंटीचे किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने फक्त किमतीत सूट, हे विकत घेतानाच विचारा, दोन्ही वेगवेगळे असतात. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीत बोलता येतं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नका. आतलं शिसं मातीत गेलं की लेकरांच्या पोटात जातं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नवीन घेताना जुनी दुकानातच द्या आणि तिचे वजनाप्रमाणे पैसे बिलातून वजा करून घ्या.